१६० चौरस फुटांची शंभर वर्षं

१४ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ज्या खोल्यांत त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी बिऱ्हाडं मांडली, त्या १६० चौरस फुटांच्या होत्या. नवं घर ५०० चौरस फुटांचं, आणि तेही मालकीचं. बातमी अर्थातच टॉवरची झाली. पण त्या चाव्यांमागे सव्वाशे वर्षांची वाटचाल आहे. कामगाराला सरकारनं घर बांधून द्यायचं, ही कल्पना आपल्याकडे कशी आली, तिला खातं कसं मिळालं, नकाशा कसा मिळाला आणि त्या नकाशात माणसं कशी मावली, याची ती वाटचाल आहे. तिच्या वाटेवर तीन संस्था भेटतात: १८९८ चा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, १९२० चं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट म्हणजेच बीडीडी आणि आजचं म्हाडा. चौथी संस्था कुठल्याही कायद्यानं जन्माला घातलेली नाही. ती भाडेकरूंनी उभी केली, आणि पहिल्या तिघींचं काम तिच्यामुळेच तगलं, असं मला ठामपणे वाटतं.

साथ आणि ट्रस्ट

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीच्या दाट वस्तीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गावी पळाली, गिरण्यांना हात मिळेनात, बंदरातला व्यापार अडखळला. तोवर गरिबाचं घर ही ज्याची त्याची बाब होती. घरमालक चाळ बांधे, खोलीत किती माणसं कोंबायची ते भाड्याचा हिशेब ठरवी. प्लेगनं सत्ताधाऱ्यांना दाखवून दिलं की अंधाऱ्या खोलीतला आजार तिथेच थांबत नाही. तो गोदीत जातो, गिरणीत जातो, साहेबाच्या बंगल्यातही जातो.

लॉर्ड सँडहर्स्ट तेव्हा गव्हर्नर होते. १८९८ मध्ये खास कायदा झाला आणि सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट अस्तित्वात आला. नमुना ग्लासगोचा होता. स्कॉटलंडच्या त्या कारखानदार शहरानं १८६६ मध्येच कायदा करून दाट वस्त्या पाडायला आणि नवे रस्ते काढायला स्वतंत्र ट्रस्ट नेमला होता. मुंबईच्या ट्रस्टनंही तोच मार्ग धरला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, आज महंमद अली रोड म्हणतो तो रस्ता, दादर-माटुंग्याची आखीव वसाहत, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स हे सगळं त्याच ट्रस्टचं काम. आज ज्या मुंबईला आपण सुबक म्हणतो, तिची आखणी बरीचशी त्याच कचेरीतून झाली.

पण रस्ता काढायचा तर वाटेतली घरं पाडावी लागतात. ज्यांची घरं गेली त्यांना ट्रस्टनं चाळी बांधून द्यायच्या होत्या. आग्रीपाडा, नागपाडा, चंदनवाडी, मांडवी-कोळीवाडा, माझगाव, परळ इथं त्या उभ्या राहिल्या. लोक त्यांना आजही बीआयटी चाळी म्हणतात. पाडलेल्या खोल्या जास्त आणि बांधलेल्या कमी, अशी टीका ट्रस्टवर सुरुवातीपासून झाली, आणि ती निराधार नव्हती. बेघर झालेली कुटुंबं शेजारच्या वस्तीत शिरली आणि तिथली दाटी आणखी वाढली. वस्ती हटवली म्हणजे प्रश्न हटला, हा समज तेव्हापासून आपल्या नियोजनाला चिकटून आहे.

उजेडाचं गणित

या ट्रस्टच्या इतिहासातलं एक पान मला फार मोलाचं वाटतं. जे. पी. ऑर हे सनदी अधिकारी ट्रस्टचे अध्यक्ष होते. १९१२ मध्ये त्यांनी मुंबईतल्या घरांत उजेड आणि वारा कसा येईल, यावर सविस्तर व्याख्यान दिलं. जुन्या चाळींमध्ये दोन इमारतींच्या मध्ये अरुंद घरगल्ली असे. तिच्यात मोऱ्यांचं पाणी पडे, कचरा पडे, भंगी कामगार तिच्यातून वाट काढत, आणि त्याच गल्लीवर खोल्यांच्या खिडक्या उघडत. अशी खिडकी असूनही नसल्यासारखीच. तिथून ना उजेड येई, ना स्वच्छ वारा.

ऑर यांनी यावर कोनाचा नियम मांडला. खोलीतून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेषा काढली, तर ती ६३½ अंशांहून अधिक चढी असता कामा नये. शाळेतल्या भूमितीनं त्याचा अर्थ सोपा होतो: समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी. चाळीस फूट उंच इमारत असेल तर वीस फूट मोकळं अंगण. इतकं सोडलं तर तळमजल्याच्या खोलीलाही आभाळाचा तुकडा दिसतो. या नियमामुळे घरात उजेड येणं हा नशिबाचा किंवा मालकाच्या मेहेरबानीचा भाग उरला नाही. तो फूटपट्टीनं मोजता येऊ लागला आणि मोजता आला म्हणून मागता येऊ लागला. आज पुनर्विकासाच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि खालच्या मजल्यांवर दुपारी बारा वाजता दिवे लावावे लागतात. तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचं हे साधं गणित आपल्या नगररचनेनं पुन्हा पाटीवर लिहावं, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

परळच्या दोन खोल्या

ट्रस्टच्या चाळींतला सर्वांत थोर भाडेकरू परळला राहत होता. परळच्या बीआयटी चाळ क्रमांक १ मध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१२ ते १९३४ अशी सुमारे बावीस वर्षं काढली. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ यांचं १९१३ मध्ये निधन झालं तेव्हा कुटुंबाचा पत्ता हाच होता. कोलंबिया विद्यापीठात जाणं, परत येणं, लंडनला जाणं, पुन्हा परतणं, १९२० चं ‘मूकनायक’, १९२७ चा महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषदा, १९३२ चा पुणे करार, या साऱ्या काळात पत्नी रमाबाईंचा संसार याच चाळीत चालू होता. एका खोलीत संसार आणि दुसरीत पुस्तकं, अशी वाटणी होती.

शिकणाऱ्या माणसाला सर्वांत आधी काय लागतं, ते या दोन खोल्या सांगतात. दार लावून बसता येईल अशी वेगळी जागा त्याला लागते. रामजींनी आणि पुढे रमाबाईंनी ती वाटणी जपली. एकाच खोलीत सात-आठ माणसं राहणाऱ्या घरातल्या किती मुलांना ही दुसरी खोली मिळाली नाही, आणि त्यापायी समाजाचं किती नुकसान झालं, याचा हिशेब कुठल्याही खात्याच्या वहीत नाही. पुढे बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधलं, ते मुख्यतः ग्रंथांना जागा हवी म्हणून. ती कॉलनीही मूळची ट्रस्टच्याच आखणीतली. चाळीपासून कॉलनीपर्यंतचं अंतर थोडंच, पण ते कापायला एवढा कर्तबगार माणूस आणि बावीस वर्षं लागली.

गाठीमागे एक रुपया

पहिलं महायुद्ध संपेपर्यंत गिरण्यांनी अफाट नफा कमावला होता आणि कामगारांची घरटंचाई टोकाला गेली होती. १९२१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती आणि त्यातले सुमारे ६६ टक्के लोक एका खोलीच्या घरात राहत होते. ट्रस्टच्या गतीनं हे काम होणार नाही, असं गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांना वाटलं. १९२० मध्ये त्यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे स्वतंत्र खातं काढलं. त्याच वर्षी मुंबईत ना. म. जोशी, लाला लजपतराय आदींच्या पुढाकारानं अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. कामगाराच्या घराकडे सरकारचं लक्ष वळायला कामगाराचा आवाज चढणंही कारणीभूत होतं, हे या योगायोगातून कळतं.

खात्याचा बेत भव्य होता. ६२५ चाळी आणि त्यांत ५०,००० खोल्या. पैशासाठी कर्ज काढलं आणि मुंबईत येणाऱ्या कापसावर गाठीमागे एक रुपया कर बसवला. ज्या कापसानं कामगार शहरात आणला, त्याच कापसानं त्याचं घर बांधायचं, हा विचार न्यायाचा होता. खात्याचे संचालक झाले सर लॉलेस हेपर, ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जी.आय.पी. रेल्वेचे एजंट राहिलेले अधिकारी.

इथं आमच्या दौंडचा धागा जुळतो. जी.आय.पी.ची पुण्याहून सोलापूरकडे जाणारी लाईन १८५८-५९ च्या सुमारास भीमाकाठच्या या गावावरून गेली. १८७८ मध्ये मनमाडची लाईन निघाली आणि दौंड जंक्शन झालं. जंक्शन झालं म्हणजे लोको शेड आली, ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, फिटर, पॉइंट्समन आले, अँग्लो-इंडियन कुटुंबं आली, आणि त्या सगळ्यांना राहायला रेल्वेचे क्वार्टर आले. क्वार्टरचं गणित रेल्वेगावात वाढलेल्या कुणालाही तोंडपाठ असतं. हुद्दा कोणता, त्यावर क्वार्टर कोणता. साहेबाला बंगला आणि बाग, मधल्या हुद्द्याला व्हरांडा आणि अंगण, खालच्या हुद्द्याला एका भिंतीला टेकलेली खोल्यांची रांग. माणसाची गरज किती, घरात माणसं किती, हा प्रश्न त्या हिशेबात येतच नाही. कामावरची जागा भरण्यापुरतं घर, ही ती पद्धत.

रेल्वेचा कारभार पाहिलेल्या अधिकाऱ्याकडे मुंबईच्या कामगारांची घरं सोपवली गेली, तेव्हा तीच शिस्त तिथं आली असावी, हे माझं अनुमान आहे. एकच नकाशा, शेकडो वेळा. वेगानं बांधायचं, मजबूत बांधायचं, मोजून बांधायचं. पण राहणाऱ्याला काय हवं, ते विचारण्याची सोय त्या पद्धतीत नव्हती.

मधला बोळ

बीडीडी चाळीची रचना अगदी साधी आहे. तळमजला आणि वर तीन मजले. मधून जिना, आणि प्रत्येक मजल्यावर आरपार जाणारा बोळ. बोळाच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. मजल्याला वीस, चार मजल्यांना ऐंशी. भिंती आणि स्लॅब काँक्रीटच्या. त्या काळात सर्वसामान्यांच्या घरांसाठी एवढ्या प्रमाणावर काँक्रीट वापरणं नवीन होतं. संडास मजल्यावर सामायिक. एका खोलीत पाच माणसं धरली तरी मजल्यावर शंभर माणसं होतात, आणि पहाटेची रांग कशी लागत असेल ते वेगळं सांगायला नको.

जुन्या खासगी चाळींना आणि कित्येक बीआयटी चाळींना बाहेरच्या बाजूनं गॅलरी असते. दारात उभं राहिलं की चौक दिसतो, रस्ता दिसतो, ऊन येतं. बीडीडीत ती गॅलरी आत ओढली गेली आणि तिचा बोळ झाला. नकाशा करणाऱ्याच्या दृष्टीनं हा मोठा फायदा. एकाच बोळावर दुप्पट खोल्या बसतात, जिना वाचतो, जागा वाचते. राहणाऱ्याच्या दृष्टीनं मात्र खोलीला उजेडाची एकच बाजू उरली, बाहेरच्या भिंतीतली खिडकी. वारा आरपार हवा असेल तर दार उघडं ठेवायचं, आणि समोरच्यानंही त्याचं दार उघडं ठेवायला हवं. ऑर यांचा कोनाचा नियम इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेनं पाळला गेला, पण इमारतीच्या पोटात अंधार राहिला.

आता खोलीत या. सोळा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी जागा डोळ्यांपुढे आणा. खोलीत मोरी मुळात नव्हती. ती बहुतेकांनी पुढे दाराशी कोपऱ्यात करून घेतली, गुडघाभर कठडा आणि वर पडदा. मोरीशेजारी ओटा, ओट्यावर फळी, फळीवर पितळेची आणि नंतर स्टीलची भांडी. समोरच्या भिंतीशी एक लोखंडी कॉट. कॉटवर वडीलधारं माणूस, कॉटखाली ट्रंका आणि गाद्या. वर पोटमाळा. पोटमाळ्यावर आधी गावाहून आलेलं धान्य, मग कॉलेजातला मुलगा, मग नवं लग्न झालेलं जोडपं. उभी-आडवी दोरी, दोरीवर कपडे. ज्या घरात दोघे गिरणीत, तिथं एक पाळीवर गेला की दुसरा त्याच अंथरुणावर निजे. बोळात दाराबाहेर पिंप, चपलांचा लाकडी खण आणि अभ्यासाला बसलेली मुलं. १६० चौरस फुटांत न मावलेला संसार बोळात आला, आणि बोळ सगळ्यांचा झाला.

रिकाम्या खोल्या, कैदी, मग गर्दी

बेत ६२५ चाळींचा होता, उभ्या राहिल्या २०७. वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. खर्च अंदाजाबाहेर गेला. त्याच खात्याचं बॅक बेचं भराव घालण्याचं कामही फसलं. खुर्शेद नरिमन यांनी तिथला घोटाळा चव्हाट्यावर आणला, त्यांच्यावर मानहानीचा खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. खातं बदनाम झालं आणि चाळींचं काम अर्ध्यावरच आटोपतं घ्यावं लागलं.

याहून मोठी शोकांतिका अशी, की शहरात माणसं खोल्यांसाठी तडफडत असताना या नव्या चाळींतल्या खोल्या रिकाम्या पडल्या. विशेषतः वरळीच्या. वरळी तेव्हा शहराच्या कडेला होती, बाजार लांब, रात्रीची वाट सुनसान. काँक्रीटची खोली उन्हाळ्यात तापे. बांधकामाचा खर्च भरून निघेल असं भाडं कामगाराला परवडण्यासारखं नव्हतं, आणि भाडं उतरवलं तर खात्याला तोटा. कामगाराला गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात, ओळखीच्या वाण्याजवळ, उधारी मिळेल अशा जागी राहायचं होतं. नकाशात यातलं काहीच नव्हतं.

सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या रिकाम्या चाळींचं तात्पुरत्या तुरुंगात रूपांतर झालं आणि सत्याग्रही तिथं डांबले गेले. कामगाराला आसरा म्हणून बांधलेलं घर स्वातंत्र्याच्या शिपायाला कोठडी झालं. तुरुंग करायला इमारतीत फारसा फेरफार करावा लागला नाही, हेच त्या रचनेबद्दल पुरेसं बोलकं आहे.

पुढे चित्र पालटलं. १९३३ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि बीआयटी चाळी पालिकेच्या झाल्या. बीडीडी चाळी सरकारकडेच राहिल्या. डेव्हलपमेंट डिपार्टमेंट इतिहासजमा झालं, पण चाळींच्या कारभारासाठी ‘संचालक, बीडीडी चाळी’ हे पद टिकून राहिलं. खातं गेलं आणि त्याची आद्याक्षरं लोकांच्या पत्त्यात राहिली. दुसरं महायुद्ध आणि फाळणीनंतर शहराची लोकसंख्या झपाट्यानं वाढली. ज्या खोल्यांना कुणी विचारत नव्हतं, त्यांच्यासाठी ओळखीपाळखी काढाव्या लागू लागल्या. गिरणी कामगार, पोलीस, गोदी कामगार, रुग्णालयांतले कर्मचारी, सफाई कामगार यांनी चाळी भरून गेल्या.

भाडेकरूंनी उभारलेली संस्था

इथून या वाटचालीचं दुसरं पर्व सुरू होतं, आणि त्याची नायक माणसं आहेत. कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि आमच्या पुणे जिल्ह्यातून आलेला माणूस मुंबईत एकटा उतरे. त्याला पहिला आधार मिळे तो गावकीच्या खोलीचा. एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली ठेवायची, ट्रंक तिथं, पत्र तिथं, झोपायला पाळीप्रमाणे जागा, भाडं वाटून. नोकरी, आजारपण, गावच्या देवळाची वर्गणी, सगळ्याची चर्चा तिथं होई. जेवणाची सोय खानावळवाल्या बायकांकडे. स्वतःच्या चुलीवर दहा-वीस डबे करून संसार चालवणाऱ्या या बायकांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं. सावकाराच्या कचाट्यातून सुटून त्या बँकेच्या कर्जापर्यंत पोचल्या. चाळीच्या खोलीतून उभी राहिलेली ही खरीखुरी आर्थिक संस्था आहे.

मजल्यामजल्यावर गणेशोत्सव मंडळ, भजनी मंडळ, व्यायामशाळा, वाचनालय, क्रिकेटचा संघ, कबड्डीचा संघ. आंबेडकर जयंतीची वर्गणी, दहीहंडीचा सराव. वरळीचं जांबोरी मैदान हे या साऱ्यांचं मोठं अंगण. या मंडळांत माणसं हिशेब लिहायला शिकली, सभा चालवायला शिकली, पावती फाडायला आणि जाब द्यायला शिकली. कामगार चळवळीला कार्यकर्ते मिळाले, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला माणसं मिळाली, रंगभूमीला नट मिळाले. १९८२ च्या गिरणी संपात घरातला पगार थांबला तेव्हा कित्येक घरं शेजारच्या उसनवारीवर तगली.

पण या संस्थेचं गुणगान करताना तिच्यातली भेग झाकता येणार नाही. चाळी जातीधर्मानुसार वाटल्या गेल्या होत्या, आणि बोळ सगळ्यांचा असला तरी चाळ सगळ्यांची नव्हती. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीत दलित पँथरच्या सभेवर दगडफेक झाली, दंगल उसळली आणि बीडीडी चाळींत ती दीर्घकाळ धुमसत राहिली. १० जानेवारीला परळमध्ये निषेधाच्या मोर्च्यावर वरून टाकलेल्या दगडी पाट्यानं भागवत जाधव या तरुणाचा बळी घेतला. एका भिंतीला पाठ लावून राहणं म्हणजे आपोआप बंधुभाव नव्हे. बंधुभाव रोज कमवावा लागतो. पाट्यासारखी रोजच्या स्वयंपाकाची वस्तू हत्यार होते तेव्हा कुठलीही वास्तुरचना तो गुन्हा थांबवू शकत नाही. चाळीचा इतिहास लिहायचा तर हे पान फाडून टाकता येत नाही.

डब्लिनचं एक घर

जगात अशी वाटचाल इतरत्रही झाली आहे. तिचं एक उदाहरण आपल्या उपयोगाचं आहे. आयर्लंडच्या डब्लिन शहरात हेन्रिएटा स्ट्रीट नावाची गल्ली आहे. इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळात, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, तिथं उमरावांसाठी विटांची उंच घरं बांधली गेली, सगळी एका रांगेत, भिंतीला भिंत लावून. १८०१ मध्ये आयर्लंडची संसद लंडनला गेली, तिच्यामागे उमराव गेले आणि घरांना उतरती कळा लागली. १४ क्रमांकाच्या घरातला भव्य जिना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काढून टाकला, कारण त्याच्या जागेत आणखी भाडेकरू बसत होते. दिवाणखान्यात फळ्या ठोकून खोल्या पाडल्या. १९११ च्या जनगणनेत त्या एका घरात शंभर माणसं होती. पुण्यातल्या वाड्यांत पेशवाई सरल्यावर जसे भाडेकरू आले, तसाच हा प्रकार.

शेवटचे भाडेकरू १९७० च्या दशकाच्या अखेरीस गेले. पुढे डब्लिनच्या महापालिकेनं ते घर ताब्यात घेतलं आणि २०१८ मध्ये संग्रहालय म्हणून उघडलं. करताना त्यांनी उमरावाचा थाट परत आणला नाही. भाडेकरूंच्या काळातला भिंतींचा तांबडा आणि निळा रंग तसाच ठेवला. तो निळा कपड्यांच्या निळीचा. पोपडे ठेवले, झिजलेल्या पायऱ्या ठेवल्या, आणि तिथं वाढलेल्या माणसांच्या आठवणी गोळा करून त्यांच्याच शब्दांत सांगायची सोय केली. श्रीमंताचं घर म्हणून जे बांधलं गेलं, ते गरिबाचं घर म्हणूनही जपण्याजोगं आहे, हे त्या शहरानं मान्य केलं.

टॉवरनंतर

३० मार्च २०१६ च्या शासन निर्णयानं वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग म्हणजे जुना डिलाईल रोड, इथल्या १९५ चाळींचा पुनर्विकास म्हाडाकडे आला. शिवडीच्या १२ चाळी बंदराच्या जमिनीवर असल्यानं बाहेर राहिल्या. २२ एप्रिल २०१७ रोजी जांबोरी मैदानावर भूमिपूजन झालं. मग पात्रतेचे वाद, संक्रमण शिबिरात जाण्याची धास्ती, करार लिहून मिळावा म्हणून रहिवाशांचे मोर्चे, आणि आठ वर्षांनी पहिल्या चाव्या. हा पुनर्विकास व्हायलाच हवा होता. गळणारे स्लॅब, उघड्या पडलेल्या सळ्या आणि सामायिक संडास यांच्यात चौथ्या पिढीनंही दिवस काढावेत, असं म्हणण्याचा अधिकार बाहेरच्या कुणालाही नाही. तिथल्या आईला स्वतःच्या घरात दार लावून अंघोळ करता यावी, यापुढे आपली सगळी हळहळ फिकी आहे.

म्हणूनच या वाटचालीचा धडा जुनं ते सोनं असा नाही. तिन्ही सरकारी संस्थांनी खोल्या मोजल्या. भोंग्याचं अंतर, उधारीचा वाणी, अभ्यासाची जागा, वारा यायला लागणारं समोरचं उघडं दार हे सगळं मोजायचं राहून गेलं. त्याची भरपाई भाडेकरूंनी स्वतःच्या संघटनेतून केली. आता प्रत्येक टॉवरची सहकारी गृहनिर्माण संस्था होईल. लिफ्ट, पंप, पाण्याच्या टाक्या, अग्निशमन आणि सफाई या सगळ्याचा दरमहाचा खर्च तिच्या अंगावर येईल. मालकी मिळालेलं घर देखभालीच्या बिलापायी विकायची पाळी आली, तर शंभर वर्षांचा प्रवास फुकट जाईल. त्यावरचा पहिला उपाय चाळीतच आहे: मंडळाची वही लिहिणारी, वर्गणीचा पैन् पैचा हिशेब भर सभेत देणारी माणसं. त्यांनाच या संस्थांच्या कारभारात पुढे करायला हवं. आणि १९७४ ची भेग आठवून, कुठल्या मजल्यावर कोण हे जातीवर ठरणार नाही, याची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यायला हवी.

दुसरं काम नोंदीचं. प्रत्येक ठिकाणची निदान एक खोली, एक बोळ, एक जिना राखावा. परळच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांचं मोल तर देशाला ठाऊक आहे. जे राखता येणार नाही त्याची मापं घ्यावीत, नकाशे काढावेत, भाडेपावत्या, मंडळांची इतिवृत्तं, रेशनकार्डं, लग्नपत्रिका जमवाव्यात, आणि वयोवृद्ध रहिवाशांचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं. हे काम नुसतं मुंबईचं नाही. दौंडसारख्या जंक्शनच्या गावांत रेल्वेच्या जुन्या क्वार्टरच्या रांगा एकेक करून पडत आहेत. त्यांचीही कागदावर मापं उतरली पाहिजेत, आणि तिथं राहिलेल्या फायरमन-पॉइंट्समनच्या घरच्यांना त्या किती पुरल्या, किती अपुऱ्या पडल्या, ते विचारलं पाहिजे. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी राजवाडे आणि मंदिरं जितक्या निष्ठेनं मोजली, तितक्याच निष्ठेनं कामगाराची खोली मोजावी. पुढच्या खात्याला नकाशा काढायची वेळ येईल तेव्हा ती मापं त्याच्या टेबलावर असतील, आणि कामगाराला किती जागा पुरे हे ठरवताना त्या जागेत जन्म काढलेल्या माणसाचं म्हणणं पहिल्यांदाच विचारात घेतलं जाईल.